हाताची वीट

१

शनिवारी सकाळी रोटे एकेच्या भिंतीतला हात नाहीसा झाला.

हात म्हणजे विटेवरचा ठसा. शंभराहून जास्त वर्षांपूर्वी वीटभट्टीवरच्या कुणा पोरानं ओल्या विटेवर पंजा दाबला आणि वीट तशीच भाजली गेली. गवंड्याला ती बघून काय वाटलं कोण जाणे. विटेची रुंद बाजू एरवी थरात दडून जाते, बाहेर दिसतात त्या तिच्या कडा. या पठ्ठ्यानं एवढी एकच वीट पोट बाहेर करून बसवली. आता तिथे विटेएवढी उथळ, काळी खाच होती.

अनुजचा फोन आला तेव्हा स्नेहलता सबनीस खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"काकू, रोटे एकेला येऊ शकाल? आत्ता?"

"काय फोडलंस?"

"काहीच नाही फोडलं. तेच कुणाला पटत नाहीये."

स्नेहलताबाईंनी सगळा जन्म एका विमा कंपनीच्या दावे-विभागात काढला होता. फुटलेले नळ, जळलेले पडदे, सुट्टीच्या आदल्याच दिवशी चोरीला गेलेल्या सायकली, सगळं त्यांच्या टेबलावरून गेलेलं. निवृत्त त्या झाल्या, त्यांची सवय नाही. भेटेल त्या माणसाचं एक खातं त्या मनात उघडायच्या: बोलतो किती, करतो किती, आणि या दोन्हींत मेळ बसतो का. जर्मनीतल्या या आखन गावातल्या मराठी मंडळींत कुणाचं काही बिनसलं की फोन त्यांनाच येई, आणि त्याही "मला कशाला मध्ये घेता" असं म्हणत म्हणत कोट चढवीत.

रोटे एके, म्हणजे लाल कोपरा, हे नाव गल्लीनं दिलेलं. आखन कापडाचं गाव होतं तेव्हा एका कापडवाल्यानं बांधलेली ही दुकानाची इमारत. विटा गडद लाल, खिडक्यांना निळसर दगडाच्या चौकटी, आणि दोन गल्ल्या मिळतात तिथला कोपरा चक्क गोल. त्या गोलाईसाठी विटा वेगळ्या साच्यातून काढलेल्या. वर पायऱ्यापायऱ्यांचं शिखर, त्याच्या पोटात गाठोडी वर ओढायची तुळई अजून शाबूत. कापडवाला गेला, त्याच्यानंतर छत्रीवाला आला, मग बरीच वर्षं कुलूप. मग मालवणचे भास्कर नाईक आणि त्यांची इथलीच बायको हिल्डे यांनी तिथे चहा-मसाल्याचं दुकान थाटलं. गल्ल्यामागच्या भिंतीचा पोपडे आलेला गिलावा भास्कररावांनी स्वतःच्या हातानं खरवडला, आणि गिलाव्याखालून तो पंजा बाहेर आला.

म्हणजे गवंड्यानं तो बसवला आणि गिलावा करणाऱ्यानं लगेच झाकूनही टाकला. मग बसवला कुणासाठी? भास्करराव म्हणायचे, "आमच्यासाठी."

भास्करराव आता नव्हते. महिनाअखेर दुकानही नसणार होतं. दारावरची घंटी मात्र तशीच किणकिणली आणि वेलची, लाकूड आणि जुन्या चहाच्या पेट्या यांचा तोच वास आला, तेव्हा स्नेहलताबाई क्षणभर कशासाठी आलोय ते विसरल्या. इथेच तर त्यांना परदेशातलं पहिलं हिंग मिळालं होतं.

"तुम्ही कोण, त्याच्या वकील?" गल्ल्यापाशी उभे असलेले हेर लेन्त्सेन म्हणाले. इमारतीचे नवे मालक. उंच, स्वच्छ दाढी केलेले, आणि मफलरला इस्त्री.

"काकू," अनुज म्हणाला.

"त्याची काकू," स्नेहलताबाई जर्मनमध्ये म्हणाल्या. "वकिलापेक्षा स्वस्त."

अनुज धामणकर युनिव्हर्सिटीत जुन्या इमारतींच्या चुन्यावर पीएचडी करत होता. शुक्रवारी त्यानं या विटेभोवतीच्या दरजांतला चुना तपासणीसाठी कोरून नेला. शनिवारी वीट गायब. दाराचं कुलूप धड. किल्ल्या लेन्त्सेन, हिल्डे, हिल्डेची मुलगी दिया आणि अनुज यांच्याकडे.

"याच्या इन्स्टिट्यूटमध्ये जुन्या विटांचं कपाटच आहे," लेन्त्सेन म्हणाले. "सोमवारी स्मारक-कार्यालयाच्या बाई पाहणीला येतायत. तोवर वीट परत आली नाही, तर मी पोलिसांत आन्त्साइगं, रीतसर तक्रार, देणार. नाव घालून."

"माझ्या प्रोफेसरांना यांनी मेल पण केलाय," अनुज मराठीत म्हणाला. आवाज सरळ ठेवायचा त्याचा प्रयत्न चालला होता. "सोमवारपर्यंत खुलासा कर, नाहीतर करार थांबवतो म्हणाले. काकू, करार गेला की व्हिसा गेला."

स्नेहलताबाईंनी चष्मा चढवला, दुकानाची छोटी शिडी ओढली आणि खाचेत डोकावल्या. खाचेच्या मधोमध कागदात गुंडाळलेली साखरेची एक वडी होती. शेजारच्या बेकरीचं नाव छापलेली, न उघडलेली.

"कामगारानं टाकलेला कचरा," लेन्त्सेन खालून म्हणाले.

वडी आडवीतिडवी पडलेली नव्हती. बेकरीचं नाव समोर, सुलट होतं. कचरा असा कुणी मांडून ठेवत नाही.

२

"फायदा कुणाचा?" हा दावे-विभागातला पहिला प्रश्न. त्यामुळे सुरुवात लेन्त्सेनपासून.

त्या त्यांना शेजारच्या बेकरीत घेऊन गेल्या. प्रत्येक कॉफीबरोबर बशीत साखरेची वडी येत होती; अख्ख्या गल्लीचे खिसे त्या वड्यांनी भरलेले असणार. कागदावरून काही कळायचं नाही, एवढं त्यांनी तिथेच खोडून टाकलं.

"तुम्हाला ती भिंत पाडायची आहे," त्या म्हणाल्या.

"हो. मोठं सलग दालन हवं. लपवत नाही मी."

"आणि भिंत पाडता येत नाही, कारण ती जतनाच्या यादीत आहे. यादीत आहे, कारण तिच्यात हात आहे."

"गेनाऊ, अगदी बरोबर. म्हणून हात मी चोरला." लेन्त्सेननी वडी न उघडता बशीत परत ठेवली. ते बिनसाखरेची पीत होते. "फ्राउ सबनीस, मी शुक्रवारी मुलीकडे रेगेन्सबर्गला होतो. सकाळी आलो. गाडी उशिरा."

"गाडी उशिरा आली, यावर तरी मी डोळे मिटून विश्वास ठेवते."

ते हसले नाहीत. "आणि मी चोरली असती, तर बोंब का मारली असती? गप्प बसलो असतो. मला ती वीट आवडत नाही असं तुम्हाला वाटतं. मी याच गल्लीतला आहे. शाळेतून येताना हेर नाईक आम्हाला एकेकाला उचलून त्या हातावर हात ठेवू द्यायचे. हात तंतोतंत बसला की बडीशेप मिळायची."

"तुमचा बसला?"

"मी लवकर वाढलो," लेन्त्सेन म्हणाले, आणि त्यांच्या खात्यात स्नेहलताबाईंनी पहिल्यांदा काहीतरी जमेला धरलं.

निघताना ते दाराशी थबकले. "एक गोष्ट मात्र विचित्र. माझे वडील गवंडीकाम करायचे. वीट काढायची तर छिन्नी लागते, हातोडा लागतो. खालच्या दरजेत छिन्नीचा एकही घाव नाही. नुसतं खरवडलंय. तळाला लागलेलं पातेलं खरवडावं तसं."

३

हिल्डे दुकानाच्या वरच राहायची. लाकडी जिना पहिल्या वळणावर कुरकुरला, नेहमीसारखा.

"ये, स्नेहलता, ये. थालीपीठ करते," हिल्डे मराठीत म्हणाली. तिची मराठी मालवणच्या सासूनं शिकवलेली. शब्द कोकणातले, सूर आखनचा.

"वहिनी, आज कशाला घोळ?"

"दुःख आहे म्हणून. भास्कर म्हणायचा, घरात वाईट झालं की आधी तवा ठेव."

घर अर्धं खोक्यांत गेलं होतं. दिया आठवडाभर बॉबलिंगेनहून येऊन राहिली होती आणि आवराआवर तिच्या हातात होती. तिथे ती सॉफ्टवेअर कंपनीत, आणि आवरतही तशीच: जुनं दिसलं की डिलीट. जिन्याखाली टाकायच्या सामानाचा ढीग लागला होता. भास्कररावांच्या चपला, पितळी बरण्या, कॅलेंडरं, सासूचा पाटा. न्यायचं सामान मात्र मोजकं, भिंतीशी रचलेलं. त्यात सगळ्यांत खाली एक जुनापुराणा पत्र्याचा पिठाचा डबा होता, झाकणावर चिकटपट्टीचे वेढे मारलेला.

हिल्डे काट्यानं थालीपीठ उलटायला बघत होती. ते फाटलं.

"उलथनं कुठाय तुमचं?"

"दियानं पॅक केलं. सकाळपासून शोधते." तिनं ओट्यावरच्या पातेल्यावरची ताटली सरकवून आणखी भाजणी घेतली. "वरच्या फळीवरच्या बशा काढ ना गं. माझा खांदा तुला माहीत आहे, वेणीसुद्धा दिया घालते."

स्नेहलताबाईंनी बशा काढल्या. दोघी बसल्या. खिडकीच्या निळ्या दगडावर कबुतर आलं, बघून गेलं.

"वहिनी, बॉबलिंगेनला खोली तयार आहे म्हणे तुमची."

"दियाची मोठी खोली. पांढरी भिंत. छान आहे." हिल्डेनं थालीपिठाचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला. "मी तिला नेहमी सांगते, मला चालेल, पण हात? मी त्याला रोज सकाळी गुटेन मॉर्गन म्हणते. भास्करच्या आधीपासून तिथे आहे, भास्करच्या नंतर पण आहे. त्याला एकटं सोडून कसं जायचं?"

"आज सकाळी म्हणालात गुटेन मॉर्गन?"

"आज? आज नाही. आज मी खाली गेलेच नाही. लेन्त्सेन ओरडला, तेव्हा कळलं."

जन्मभरात एकदाही न चुकलेली सकाळ आजच चुकली होती. स्नेहलताबाईंनी पुढचा घास मुद्दाम सावकाश चावला.

निघताना हिल्डेनं त्यांचा डबा हातात दिला. मागल्या आठवड्यात त्यांनी चिवडा दिला होता तो. उघडून बघायची गरज नव्हती, डबा जड होता.

"प्रिंटेन आहेत, आपल्या बेकरीतले, ते कडक बिस्किटासारखे. तुझ्या मोहनरावांना सांग, भिजवून खा, दात पडतील."

स्नेहलताबाई जिन्यात आल्या. मागून हिल्डेचा आवाज आला, हलका, जाता जाता आठवल्यासारखा.

"स्नेहलता, ती साखर अजून तिथेच आहे ना? फेकली नाही ना कुणी?"

साखरेचा शब्दही स्नेहलताबाईंनी वर काढला नव्हता.

४

"म्हणजे वहिनीच," मोहनराव म्हणाले. स्नेहलताबाईंचे हे यजमान रेल्वेच्या सिग्नलचे इंजिनीयर होते. त्यांना लाल किंवा हिरवं, मधलं काही चालत नसे. "खोटं बोलली, सापडली. मिटलं."

"अहो, खोटं बोलल्या म्हणजे चोरली असं नाही. खोटं बोलल्या म्हणजे लपवलं."

अनुज त्यांच्या घरी टेबलाच्या कडेला बसून होता. पुढ्यातला चहा गार झाला होता.

"हिल्डेआजी माझ्यावर ढकलतील असं नाही वाटत मला," तो म्हणाला. "शुक्रवारी त्यांनीच मला लाडू दिला. वर बसून कोरत होतो तर म्हणाल्या, सांभाळून, त्याला दुखेल."

"तू कुठल्या बाजू कोरल्यास?"

"वरची आणि दोन्ही कडेच्या. खालची दरज मुद्दाम सोडली, वीट तिच्यावर उभी राहावी म्हणून. तेवढं कोणीही करतं. ही वीट पोट बाहेर करून बसवलेली, म्हणजे आत फक्त जाडीएवढीच गेलेली. खालचा चुना सुटला की पुस्तक काढावं तशी निघते."

"आणि ते तू कुणाला सांगितलंस?"

"सगळ्यांनाच," अनुज ओशाळून म्हणाला. "आजी होत्या, दियाताई होती, लेन्त्सेन फोनवर होते. मी जरा... समजावून सांगत होतो. लेक्चरच दिलं."

"पीएचडीवाल्यांना श्रोते मिळत नाहीत, समजू शकते मी."

अनुज पहिल्यांदा किंचित हसला. मग म्हणाला, "पण आजींचं जर निघालं, तर मला बोलायचं नाही, काकू. त्यांचं घर चाललंय. माझं काय, मी परत जाईन."

"गप्प बस. परत जाण्याची तयारी एवढ्यात करू नकोस. वहिनींचा हात खांद्याच्या वर जात नाही. आज बशा मला काढायला लावल्या. त्या शिडीवर चढून डोक्यावरची वीट उपसणार?"

"मग त्यांना साखरेचं कसं कळलं?" मोहनरावांनी विचारलं. त्यांनी एव्हाना डबा उघडला होता आणि प्रिंटेन न भिजवताच दाताखाली धरला होता.

"रोजच्यासारख्या सकाळी खाली गेल्या. लेन्त्सेनच्या आधी. खाच बघितली, साखर बघितली आणि वर येऊन गप्प बसल्या. खाच बघून माणूस ओरडतो. साखर बघून त्या गप्प बसल्या."

मोहनराव तुकडा फोडण्यात गुंतले होते.

"तुम्हा बायकांचं हे कधी संपतच नाही," ते भरल्या तोंडानं म्हणाले. "इकडून चिवडा जाणार, तिकडून हे दगड येणार. आता हा डबा धुतला की तू यात परत काहीतरी घालशील. एकदा रिकामा डबा दिला तर काय आभाळ कोसळेल?"

स्नेहलताबाई त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"अहो, परत बोला."

"काय बोलू? रिकामा डबा..."

"रिकामं द्यायचं नाही. रिकामं ठेवायचं नाही." त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "आपण नसतं का शेजारणीची वाटी परत करताना चिमूटभर साखर घालत? विचार करून घालतो का? हात घालतो. अनुज, ज्यानं वीट काढली त्यानं जागा रिकामी सोडली नाही. लेन्त्सेनना हे सात जन्मांत सुचणार नाही."

अनुजचा चेहरा उतरला. "काकू, मग तर मीच उरतो. आपल्यातलाच कुणीतरी म्हटल्यावर."

"तुझ्याकडे छिन्न्यांची पिशवी आहे," स्नेहलताबाई म्हणाल्या. "तू उलथनं कशाला वापरशील?"

५

रविवारी गल्लीत घंटानादाखेरीज आवाज नव्हता. दुकान बंद. दिया एकटीच ओकच्या लाकडाच्या खणांतून चिठ्ठ्या काढत होती. प्रत्येक खणावर भास्कररावांच्या अक्षरात नाव: दगडफूल, नागकेशर, त्रिफळ. चिठ्ठ्या टाकायच्या पिशवीत जात होत्या.

स्नेहलताबाई मराठीत बोलल्या, दिया जर्मनमध्ये. त्या दोघींचं आजवरचं बोलणं असंच व्हायचं. आईला दिया इथल्या मुलांसारखं 'मामा' म्हणायची.

"तुझा हात बसायचा का गं त्या ठशात?"

"सगळ्यांचाच बसायचा कधी ना कधी." दियानं मान वर केली नाही. "मावशी, तुम्ही चौकशी करताय हे मामानं सांगितलं. मला खरंच काही माहीत नाही. मी रात्रभर खोकी भरत होते."

"हो, बघितली मी. एक कळलं नाही. आजीचा पाटा टाकायला काढलास, बाबांच्या चपला टाकायला काढल्यास. आणि पिठाचा पोचे आलेला डबा बॉबलिंगेनला नेतेयस."

"मामाला भाजणी लागते."

"भाजणी पातेल्यात आहे. ताटली झाकून."

दियाच्या हातातली चिठ्ठी हातातच राहिली.

"मग मी विचार केला, पीठ बाहेर काढून डबा का बांधला असेल? आणि उलथनं का हरवलं असेल? ते त्याच डब्यात असणार. त्याच्या कडेला चुना लागलाय आणि तो धुऊन जात नाही." स्नेहलताबाई चहाच्या पेटीवर टेकल्या. त्यांचा आवाज मऊ होता, दावा फेटाळतानाही तो तसाच असे. "लेन्त्सेनना भिंत पाडायची असती तर हातोडा आणला असता. अनुजकडे छिन्न्या आहेत. स्वयंपाकघरातलं हत्यार कोण उचलेल? जिच्याकडे दुसरं काही नाही ती. घरात तुम्ही दोघी. एकीचा हात वर जात नाही."

"सगळे अंदाज," दिया म्हणाली. "आल्झो, म्हणजे पुरावा नाही."

"पुरावा तू मांडून ठेवलास की. साखर."

"कुठली साखर?"

ती हे खरंच विचारत होती. स्नेहलताबाईंनी पर्समधून खाचेतली ती कागदातली वडी काढली आणि गल्ल्यावर ठेवली, नाव सुलट करून.

दियानं वडीकडे पाहिलं. मग कोटाच्या खिशात हात घातला, जणू ती अजून तिथेच असायला हवी होती. खिशातून हात रिकामा आला.

"मी ठेवली?" ती म्हणाली. जर्मनमध्ये नाही; मराठीत. अडखळत, लहान मुलीच्या मराठीत. "मला आठवत नाही. मी वीट काढली. खाली ठेवली. मग ते भोक... ते असं बघत होतं माझ्याकडे. बाबा म्हणायचे, बाळा, नुसतं नाही द्यायचं परत."

ती शिडीच्या पायरीवर बसली.

"मामा दर वेळी तेच म्हणते. हाताला सोडून येणार नाही. मागच्या हिवाळ्यात जिन्यात पडली, कुणाला सांगितलं नाही. मी बॉबलिंगेनमध्ये बसून फोन वाजायची वाट बघते रोज. म्हटलं, हातच नेते. तिच्या खोलीच्या भिंतीत बसवते. लेन्त्सेनला तर बरंच वाटेल, कोण शोधतंय. अनुजचं... अनुजचं माझ्या डोक्यातच आलं नाही. आणि आलं तेव्हा तोंड उघडेना."

"उद्या त्याचं सगळं जातंय, दिया."

"माहीत आहे."

जिना कुरकुरला. पहिल्या वळणावर हिल्डे उभी होती, कठड्याला धरून. किती वेळ, कोण जाणे.

"मला काल सकाळीच कळलं," ती म्हणाली. "साखर बघून. भास्कर नाही, म्हणजे दिया."

"आणि तुम्ही त्या पोराला लेन्त्सेनच्या पुढ्यात उभं राहू दिलंत, वहिनी," स्नेहलताबाई म्हणाल्या. आता आवाज मऊ नव्हता. "त्याला लाडू देऊन."

"हो." हिल्डे खाली आली, एकेक पायरी. "ते वाईट केलं. ती मुलगी आहे माझी. पण वाईट केलं."

मग ती दियाकडे वळली. "तू मला विटेसारखं काढायला निघालीस. विचारायचं होतंस."

"विचारलं की तू वीट पुढे करायचीस."

"खरं आहे," हिल्डे म्हणाली, आणि तिनं वर खाचेकडे बघितलं. "भिंतीतून काढली की ती नुसती वीट, दिया. डब्यात बघितलीस ना? कशी दिसते?"

"छोटी," दिया म्हणाली.

६

सोमवारी स्मारक-कार्यालयाच्या बाई आल्या तेव्हा दियानं त्यांच्या आणि लेन्त्सेनच्या समोर, कुणी विचारायच्या आत, सगळं सांगितलं. डबा उघडला. वीट भास्कररावांच्या मफलरमध्ये होती, शेजारी उलथनं. लेन्त्सेननी फोन काढला आणि अनुजच्या प्रोफेसरांना मेल लिहिला, आणि पाठवण्याआधी तो अनुजला मोठ्यानं वाचून दाखवला. त्यांच्यासारख्या माणसाची माफी इतकीच असते, पण ती पूर्ण असते.

बाईंनी भिंतीचे फोटो काढले, यादीत काही बदलणार नाही म्हणाल्या, आणि वीट आजच्या आज, जुन्याच पद्धतीच्या चुन्यात बसवायला सांगितलं. चुना अनुजनं कालवला.

"आमच्याकडे यात गूळ घालायचे," तो थापी फिरवत म्हणाला. पुन्हा एकदा त्याला ऐकायला माणसं मिळाली होती. "गूळ आणि हिरडा. पकड धरते."

"घाल मग," हिल्डे म्हणाली.

"इथे घातला तर या बाईच माझ्यावर आन्त्साइगं देतील."

वीट बसली. दियानं शिडीवर चढून पंजा ठशावर ठेवला. बोटं कितीतरी बाहेर आली. मागे न बघता ती म्हणाली, "मामा, येशील?"

"स्वयंपाकघरात खिडकी मोठी आहे का?" हिल्डेनं विचारलं. "छोट्या खिडकीत भाजणी भाजता येत नाही. धूर होतो."

पाटा आणि चपला जिन्याखालच्या ढिगातून परत खोक्यांत गेल्या. भास्कररावांच्या चिठ्ठ्याही पिशवीतून निघून आपापल्या खणांवर गेल्या.

महिनाअखेरीस दुकानाची ताबापावती झाली. जागा द्यायची ती बेझनराइन, म्हणजे झाडून लोटून, एक काडी मागे न ठेवता. इथला नियमच तो. साक्षीला स्नेहलताबाई होत्या. मसाल्याचा वास तेवढा राहिला होता, त्याला कुणाचा इलाज नव्हता. लेन्त्सेन ओकच्या लाकडाचा एकेक खण उघडून बघत होते आणि कागदावर खूण करत होते. दगडफूल, रिकामा. नागकेशर, रिकामा.

त्रिफळाच्या खणात, मधोमध, कागदात गुंडाळलेली साखरेची वडी होती. बेकरीचं नाव समोर, सुलट.

लेन्त्सेननी हिल्डेकडे पाहिलं. हिल्डे कोटाची बटणं लावत होती, दिया तिला मदत करत होती.

त्यांनी खण हलकेच आत ढकलला आणि कागदावर खूण केली. त्रिफळ, रिकामा.